भूगोलाचे पाच तास

पहिला तास : पाटण, १२०७

मध्यान्ह जवळ येतेय. तुम्ही पाटणच्या मठाच्या अंगणात उकिडवे बसला आहात. मागे सातमाळ्याचे कडे, खाली डोंगरी नदीचं पाणी. चाळीसगावचा माणूस आज ज्या जागेला पाटणादेवी म्हणतो, तीच ही जागा. समोर सपाट केलेल्या जमिनीवर बारा अंगुळं उंचीचा शंकू उभा आहे. आज दिवस आणि रात्र सारखी. गुरू म्हणतात, “सावली सरळ उत्तरेला आली की खूण कर.” तुम्ही काडीने रेघ ओढता आणि मोजता. साडेचार अंगुळांना किंचित कमी. ही पाटणची पलभा. तिच्यावरून पाटणचा अक्षांश काढायचा. दक्षिणेला गेलात तर ही सावली आखूड होईल, उत्तरेला गेलात तर वाढेल.

हा मठ चांगदेवाने उभारलाय. तो भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ इथे शिकवले जावेत, म्हणून ही शाळा. निकुंभ घराण्याच्या सोईदेवाने तिला दान दिलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं. त्यात बाजारातल्या व्यवहाराचा आणि तेलाच्या घाण्याचाही वाटा मठाला लावून दिलेला आहे. म्हणजे तुम्ही काडीने मारलेल्या त्या रेघेचा खर्च पाटणचा बाजार उचलतोय.

तुमच्या शेजारचा मुलगा विचारतो, “पृथ्वी गोल आहे, तर मग सपाट का दिसते?” गुरू त्याला भास्कराचार्यांच्या गोलाध्यायातलं उत्तर देतात. कोणत्याही मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी फार मोठी आणि तिच्यावर उभा असलेला माणूस फार लहान. त्याला दिसतो तो तुकडा सपाटच दिसणार. मग ते पृथ्वीचा परीघ सांगतात, ४९६७ योजनं. तो मोजायचा कसा, हेही सांगतात. एकाच रेषेत उत्तर-दक्षिण असलेली दोन गावं घ्या, त्यांच्यातलं अंतर चालून मोजा, दोन्हीकडचे अक्षांश काढा, मग त्रैराशिक मांडा.

परीघ काढायला चालावं लागतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवून पुढच्या वर्गात चला.

दुसरा तास : धुळे, १९०६

तरटपट्टीवर मांडी घालून तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. भिंतीवर खान्देश जिल्ह्याचा नकाशा. पश्चिमेला नवापूरचं जंगल, पूर्वेला एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, मधून तापी. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हापासून त्याचा कारभार एकाच ठाण्यावरून चालत आला. ते ठाणं धुळे. कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने इथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि गाव वाढलं.

आज मास्तरांच्या हातात निळी पेन्सिल आहे. ते नकाशाजवळ जातात आणि वरून खाली एक रेघ ओढतात. “लिहून घ्या. पश्चिम खान्देश, मुख्य ठाणं धुळे. पूर्व खान्देश, मुख्य ठाणं जळगाव.” वर्ग एकदम शांत होतो. काल ज्या मुलाचं मामाचं गाव आपल्याच जिल्ह्यात होतं, ते आज दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. तुम्ही पाटीवर रेघ ओढता आणि त्या वेळी तुमच्या मनात येतं, की पलीकडची गिरणा काही हलली नाही. नदी तिथेच आहे. जिल्हा तेवढा बदलला.

मग नद्या म्हणायच्या. सगळा वर्ग चालीवर म्हणतो : पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. या डाव्या काठच्या, पूर्वेकडून पश्चिमेकडे. मग उजव्या काठच्या : सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. दहा वेळा म्हटलं की पाठ होतं आणि जन्मभर विसरत नाही. पाठांतराला हल्ली नावं ठेवतात, पण ही माळ मला मोलाची वाटते. एका दमात सबंध खोरं तोंडी येतं, आणि कुठे उतार आहे, कुठे संगम आहे, याचा सांगाडा मनात बसतो.

सांगाड्यावर मांस चढतं ते सुट्टीत. तुमच्याबरोबरचा एक मुलगा पांझराकाठच्या गावचा आहे. तो म्हणतो, “चाल भो, आमना फड दखाडस तुले.” तुम्ही त्याच्या मागोमाग बांधावरून चालता. नदीत आडवा दगडी बंधारा. त्याच्या एका कडेने पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात आणि पाणी केवळ उताराने शेतापर्यंत जातं. बैल नाही, मोट नाही. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली आहे. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू, आणि दर वर्षी फेर बदलतो. बहुतेक घरांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी देणाराही सोयीत राहतो आणि एकाचंच भलं होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांचा मेहनताना गाव देतं. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे बसून ठरवतात आणि कमी फड भिजवतात.

ही व्यवस्था तुमच्या मास्तरांच्या नकाशाहून कितीतरी जुनी आहे. शेकडो वर्षं पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी ती चालत आली. उतार, जमीन, पाऊस, पीक आणि माणसांचा आपसातला करार, हे पाचही धडे तुम्हाला एका दुपारी कळले. पुस्तकात ते पाच वेगवेगळ्या प्रकरणांत येतात.

तिसरा तास : अमळनेर, १९२७

आता बसायला बाक आहेत, दौत ठेवायला बाकाला भोक आहे. अमळनेरचं हायस्कूल, पुढे सगळ्या महाराष्ट्राला प्रताप हायस्कूल म्हणून माहीत झालेलं. वरच्या वर्गांत शिकवणं इंग्रजीतून. आजचा धडा लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा. तुम्ही तेल लावून पारदर्शक केलेला कागद इंग्लंडच्या नकाशावर ठेवून किनारा गिरवता. लिव्हरपूल कुठे, मँचेस्टर कुठे, तिथली दमट हवा सुताला का मानवते, हे सगळं तुम्हाला येतं.

इतक्यात गावातल्या प्रताप मिलचा भोंगा वाजतो. कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग शाळेवरून जाते आणि तुमच्या लक्षात येतं, की धड्यातला कापूस हाच. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर खान्देश-वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. त्याच दशकात रेल्वे या भागातून पुढे गेली. जळगाव कापसाची पेठ झालं, भुसावळ जंक्शन झालं. हजारो मैलांवरच्या एका युद्धाने तुमच्या आजोबांच्या वावरातलं पीक बदललं. जगाचा भूगोल आणि घरचा भूगोल एकच असतो, हे कळायला तुम्हाला त्या भोंग्याची गरज पडली.

याच शाळेत साने गुरुजी शिक्षक आहेत. ते मुलांबरोबर छात्रालयात राहतात आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून एक दैनिक चालवतात. अभ्यासक्रमात जे नाही ते मुलांपर्यंत पोचवण्यासाठी रोज रात्री जागणारा शिक्षक या गावाने पाहिला आहे. खान्देशच्या शिक्षणाचं बोलताना ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

संध्याकाळी तुम्ही बोरीच्या पात्रात उतरता. वैशाख आहे, वाळू अजून तापलेली. पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी, यात्रेची दुकानं लागलेली. वाळूत बसून तुम्ही एक साधा प्रश्न विचारता : गोदावरी पूर्वेला जाते, कृष्णा पूर्वेला जाते, मग आमची बोरी जिला मिळते ती तापी पश्चिमेला का?

उत्तर पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगच्या किल्ल्यावर चढताना हेच थर पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतात. धुळे-नंदुरबार भागात जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, आणि भोवतालचा खडक झिजल्यावर त्याच्या लांबच लांब काळ्या भिंती उघड्या पडल्या. गुराखी त्यांच्या सावलीला बसतात. पुढे दोन बाजूंच्या प्रस्तरभंगांमध्ये जमिनीचा पट्टा खचला आणि उत्तरेला सातपुडा उभा राहिला. त्या खचलेल्या खोऱ्यातून तापी वाहते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, ७२४ किलोमीटरचा प्रवास, आणि सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळणं. खोऱ्यात तिने आणि तिच्या उपनद्यांनी गाळ भरला. तुम्ही ज्या मातीला काळी आई म्हणता, तिच्यात लाव्हाचा खडक आणि नदीची मेहनत दोन्ही आहेत.

चौथा तास : रावेर, १९७५

शाळा आता मराठीतून आहे. १९६७ साली बालभारती सुरू झाली आणि सरकारी पाठ्यपुस्तक घरोघर पोचलं. दहावीची नवी शालान्त परीक्षा याच वर्षी पहिल्यांदा झाली. भिंतीवर वर-खाली लाकडी दांड्या असलेला नकाशा, सरांच्या हातात छडी, तुमच्या कंपासपेटीत प्लॅस्टिकचा महाराष्ट्र. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली की कोकण किनारा वळतो, खान्देशाचा कोपरा येतो. प्रश्न ठरलेला : नकाशा आराखड्यात दाखवा आणि सूची द्या. केळी उत्पादक प्रदेशाला एक ठिपका, की एक गुण.

तुमचं घरच त्या ठिपक्यात आहे. वडील पहाटे तीनला उठून बारं द्यायला गेलेत, कारण वीज त्याच वेळी येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बागेच्या कडेने लावलेली शेवरी गरम वाऱ्याला अडवते. मृगाची बाग, कांदेबाग, बसराईची लागण, कंद निवडणं, घडाला पात्यांनी झाकणं, हे सगळं तुम्हाला अक्षरांच्या आधी कळलं. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर केळी वॅगनमध्ये भरली जातात आणि दिल्लीला जातात. तुम्ही दिल्ली पाहिलेली नाही, पण तिथे भाव पडला की घरी काय होतं ते पाहिलं आहे.

मग सरांना तुम्ही विचारता, “एवढ्या उन्हाच्या मुलखात केळीसारखं पाणी पिणारं पीक कसं काय?” सर पुस्तक मिटतात. रविवारी चाळीस पोरं सायकलींवर सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातून खळाळत आलेला ओढा सर दाखवतात. थोडं खाली चालायला लावतात. पाणी बारीक होत जातं आणि गोट्या-वाळूच्या पट्ट्यात पार नाहीसं होतं. “कुठे गेलं?” सर विचारतात. कुणी म्हणतं उन्हाने आटलं. सर मान हलवतात. “इथे डोंगराने हजारो वर्षं गोटे आणि भरड वाळू आणून टाकली. भूगोलात याला बझाडा म्हणतात. ओढ्याचं पाणी इथे जमिनीत उतरतं आणि खाली तापीच्या गाळातून तुमच्या विहिरीला येतं. केळी उभी आहे ती या पट्ट्याच्या जिवावर.”

परतताना तुम्ही हिशेब करता. डोंगरावर झाड आहे तोवर ओढा हळू येतो, ओढा हळू आला तर पाणी मुरतं, मुरलं तर विहीर भरते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण घरात ताजी आहे. तुमच्या पुढच्या पिढीत मोटारी वाढतील, बोअर खोल जातील, रावेर-यावलची भूजल पातळी इतकी उतरेल की सरकारी नकाशांवर हे तालुके धोक्याच्या रंगात येतील. ठिबक येईल, टिश्यू कल्चरची ग्रँड नैन येईल, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळेल. मानांकनाच्या त्या कागदालाही आधार आहे तो याच मातीचा आणि याच पाण्याचा. त्या रविवारी गोट्यांच्या पट्ट्यावर उभ्या राहिलेल्या चाळीस मुलांना हे आधीच कळलं होतं. असे रविवार वाढले असते तर किती विहिरी वाचल्या असत्या, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

पाचवा तास : शिरपूर, २०२०

वाटेत १ जुलै १९९८ क्षणभर दिसतो. पुन्हा एक सर, पुन्हा एक रेघ. नंदुरबार वेगळा जिल्हा होतो. तोरणमाळ, अस्तंभा, नवापूर, अक्कलकुवा धुळ्याच्या नकाशातून जातात आणि धुळ्याकडे चार तालुके उरतात : धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर. तापी मात्र पूर्वीसारखीच जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना जोडत वाहते आहे.

आता २३ मार्च २०२०, सोमवार. तुम्ही दहावीत आहात. आज सकाळी ११ वाजता भूगोलाचा पेपर होता, शेवटचा, ४० गुणांचा. रात्रीपर्यंत तुम्ही भारत आणि ब्राझील यांची तुलना करत होता : गंगेचं खोरं आणि ॲमेझॉनचं खोरं, इथला मान्सून आणि तिथला पाऊस, इथली लोकसंख्येची घनता आणि तिथली. पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, नळदुर्गहून अलिबागला जाणाऱ्या मुलांचा. सगळं तयार आहे. पण पेपर पुढे ढकलला गेलाय, आणि एप्रिलमध्ये तो रद्दच होणार आहे. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण मिळतील. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, तर दहावीची लेखी परीक्षाच होणार नाही.

वुहानमधून निघालेला एक आजार जगाच्या विमानमार्गांवरून तुमच्या मळ्यातल्या घरापर्यंत आलाय. वाहतूक, स्थलांतर, शहरांची घनता, सगळा भूगोल एकाच वेळी घडतो आहे. पुढच्या काही आठवड्यांत मुंबई-आग्रा महामार्गावर पायी निघालेली माणसं धुळे जिल्ह्यातून उत्तरेकडे जाताना तुम्हाला दिसतील. स्थलांतराच्या पाठातल्या बाणाला पाय असतात, हे तुमची पिढी कधी विसरणार नाही.

पेपर नाही, म्हणून तुम्ही मळ्याच्या बांधाशी जाऊन बसता. समोर नाला आहे, खोल आणि रुंद केलेला, ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे घातलेला. मार्च संपत आलाय तरी डोहात पाणी आहे. आजोबा सांगतात, की त्यांच्या वेळी हा नाला दिवाळीनंतर कोरडा पडायचा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्याचे खडक आणि गाळाचे थर वाचले. पाणी मुरायला कोणता थर अडवतो ते पाहिलं आणि त्या बेताने नाले रुंद, खोल केले. हेच ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजलं. सगळीकडे ते तसंच लागू पडत नाही, हे तज्ज्ञांनी बजावलं, आणि तेही बरोबर आहे. इथला खडक वेगळा, साक्रीचा वेगळा, पारोळ्याचा वेगळा. गाव बदललं की पाण्याचा उपाय बदलतो.

तुमचा पेपर कोणी तपासणार नाही. पण त्या नाल्याशी बसून जे समजलं, त्याला ४० पैकी किती गुण द्यायचे हे तुम्हीच ठरवा.

तास संपल्यावर

आता तुम्ही आजच्या खान्देशात परत आला आहात. पाचही वर्गांत पुस्तक होतं आणि पाचही वर्गांत भूगोल खरा कळला तो वर्गाबाहेर : अंगणात, बांधावर, वाळूत, डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याकाठी. ज्या मुलखाला दोन डोंगररांगा, खचलेलं खोरं, उलट दिशेने जाणारी नदी, लाव्हाच्या भिंती, फडपद्धत, केळीचा पट्टा आणि भुसावळसारखं जंक्शन मिळालं आहे, तिथल्या मुलाला भूगोल रुक्ष वाटत असेल, तर दोष मुलाचा नाही आणि विषयाचाही नाही. आपण त्याला बाहेर नेलं नाही, एवढंच.

बाहेर नेण्याला फार पैसा लागत नाही. धुळ्याच्या शाळेला लळिंग एका सकाळीत होतो. साक्रीच्या शाळेला पांझरेवरचे फड दूर नाहीत. रावेर, यावल, चोपड्याच्या मुलांना सातपुड्याचा पायथा सायकलीच्या टप्प्यात आहे. भुसावळच्या मुलांना हतनूर धरण जवळ आहे. क्षेत्रभेट पाठ्यपुस्तकातच आहे, म्हणजे परवानगी आधीच मिळालेली आहे. तो पाठ वर्गात वाचून उरकू नका. मुलांनी स्वतः प्रश्नावली करावी, पाटकऱ्याला, विहीर खोदणाऱ्याला, केळीच्या हमालाला विचारावं आणि स्वतःच्या हाताने आपल्या गावाचा नकाशा काढावा.

मुख्याध्यापकांना, भूगोलाच्या सरांना, बाईंना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. या वर्षी पावसाळा संपला की एक दिवस काढा आणि नववी-दहावीचा वर्ग तुमच्या गावच्या नदीवर न्या. खान्देशचं पाणी पुढची पन्नास वर्षं कोण सांभाळणार, ते त्याच मुलांवर अवलंबून आहे.